दोन्ही टोकं सारखीच, मग ठरवतं कोण?

तू जे विचारलंयस ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी मधे कुठे भरकटलो तरी निघालो कुठून होतो ते लक्षात राहील. बाबांच्या ऑफिसात तू दोन लॅपटॉप मधे स्विच (अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) न लावता थेट साध्या पॅच कॉर्डने, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क केबलीने जोडलेस, कॉलेजात शिकवलं होतं की अशा वेळी क्रॉसओव्हर केबलच (आतल्या तारा उलटवलेली) लागते, साधी चालत नाही, पण चालली, आणि नुसती चालली नाही तर एक गिगाबिटवर चालली. मग तू नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधे शिरलास तर तिथे मास्टर-स्लेव्ह मोड असं काहीतरी दिसलं, ऑटो, फोर्स मास्टर, फोर्स स्लेव्ह. तर प्रश्न असा, की दोन सारखेच लॅपटॉप, मधे तिसरं कोणी नाही, मग कोणी कुठल्या तारेवर पाठवायचं आणि मास्टर कोणी व्हायचं हे ठरवतं कोण, आणि आपण हाताने ठरवून दिलं तर स्पीड वाढेल का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही वाढणार, हात लावू नकोस. बाकीचं जरा निवांत वाच, कारण पंचवीस वर्षं चर्चगेटपासून विरारपर्यंत केबली ओढून झाल्यावर माझं असं मत झालंय की ज्या तक्रारींना लोक 'नेटवर्क स्लो आहे' म्हणतात त्यातल्या बऱ्याच या ठरवाठरवीतल्या गोंधळाच्या असतात, केबल बिचारी ठीकच असते.

आधी यंत्र बाजूला ठेव. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा कळव्याच्या पुढे फोन हमखास कट व्हायचा. बोगद्याबाहेर आल्या आल्या मी बायकोला लावायचो, ती त्याच सेकंदाला मला लावायची, दोघांनाही बिझी. मग दोघंही विचार करणार, जाऊदे, ती लावेल, तो लावेल, म्हणून दोघंही गप्प. मग दोघांचाही धीर एकदमच सुटणार, परत बिझी. शेवटी घरात नियम केला, ज्याने आधी लावला होता त्यानेच परत लावायचा. प्रश्न मिटला. का मिटला? आम्ही दोघं तोवर अगदी एकसारखं वागत होतो, आणि दोन माणसं एकसारखं वागायला लागली की त्यांच्यात काहीच ठरू शकत नाही, कुठेतरी फरक लागतो. नियमाने तो फरक दिला, एक 'लावणारा' आणि एक 'घेणारा'.

दोन यंत्रं जोडली की नेमकं हेच होतं. फरक कुठून आणायचा, एवढाच सगळा खेळ आहे.

जुन्या काळात फरक आयता मिळायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाच्या मोडेमचा, म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याचा, तो किंचाळण्याचा आवाज तू बहुतेक व्हिडिओतच ऐकला असशील. त्या किंचाळण्यात भूमिका ठरलेल्या असायच्या, ज्याने नंबर फिरवला तो कॉलिंग मोडेम, ज्याने उचलला तो आन्सरिंग मोडेम. उचलणारा आधी २१०० हर्ट्झचा एक लांब सूर लावायचा, त्याचा अर्थ मी माणूस नाही, मोडेम आहे, शिवाय त्या सुराने लाइनीवरची प्रतिध्वनी मारणारी यंत्रंही बंद व्हायची. मग लावणारा आपल्याला काय काय येतं त्याची यादी सांगायचा, उचलणारा त्यातलं दोघांना जमेल ते परत सांगायचा. त्याही आधीचे ३०० बिटवाले मोडेम तर सरळ आवाजाच्या पट्ट्या वाटून घ्यायचे, १९६२ च्या बेल १०३ मधे लावणाऱ्याने १०७० आणि १२७० हर्ट्झवर बोलायचं, उचलणाऱ्याने २०२५ आणि २२२५ वर, म्हणजे एकाच वेळी दोघं बोलले तरी एकमेकांच्या पायात पाय नाही. फॅक्सचंही तसंच, लावणारा ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा टूं तीन-तीन सेकंद थांबून देत राहतो, घेणारा २१०० ने उत्तर देतो.

पण हा आयता फरक नसला की काय होतं ते मला फोर्टमधल्या एका बँकेने शिकवलं. नाव राहू दे. दोन शाखांच्या मधे लीज लाइन होती, म्हणजे कायमची जोडलेली तांब्याची जोडी, तिच्यावर डायल टोन नाही, नंबर नाही, घंटी नाही. दोन्हीकडे नवे कोरे मोडेम लावले, लाइन तपासली, आवाज स्वच्छ, आणि लिंक काही येईना. मी इकडे बसलोय, माझा जोडीदार तिकडे, दोन तास. नंतर लक्षात आलं की दोघांनीही आपापला मोडेम आन्सरवर, म्हणजे उचलणाऱ्याच्या भूमिकेत ठेवला होता. दोन्ही मोडेम कान टवकारून शांत बसले होते, समोरचा बोलेल म्हणून. एका बाजूला ओरिजिनेट, म्हणजे लावणारा केलं आणि पंधरा सेकंदांत कॅरियरचा, म्हणजे लिंक आल्याचा दिवा लागला. तेव्हा मी नवीन होतो, मला वाटलं मोठं गूढ उकललं, आता वाटतं कोणीतरी त्या डब्यावर दोन ओळींचा कागद चिकटवला असता तरी पुरे होतं.

फरक आणायची दुसरी जुनी रीत म्हणजे तो सरळ खिळ्यातच ठोकून टाकायचा. यूएसबीचं जुनं चपटं तोंड आणि प्रिंटरकडचं चौकोनी तोंड वेगवेगळं का होतं, तर उलटं घालताच येऊ नये म्हणून, चपटं तोंड ज्याच्याकडे तो यजमान, चौकोनीवाला पाहुणा, चर्चाच नको. तुझ्या क्रॉसओव्हरचंही मूळ इथेच आहे. दहा आणि शंभर मेगाबिटच्या काळात कॉम्प्युटरचं कार्ड १ आणि २ नंबरच्या पिनवर पाठवायचं, ३ आणि ६ वर ऐकायचं, आणि हब किंवा स्विच बरोबर उलटं, १-२ वर ऐकायचा, ३-६ वर पाठवायचा. म्हणून कॉम्प्युटर ते स्विच साधी केबल. पण कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर लावलं की दोघंही १-२ वर ओरडतायत आणि ३-६ ला कान लावून बसलेत, तेव्हा केबलीच्या आतच जोड्या अदलाबदल करायला लागायच्या. तीच क्रॉसओव्हर. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून लाल रंगाची वायर मुद्दाम आणायचो, क्रॉस म्हणजे लाल हा आमचा नियम, कारण एकदा क्रिंप केल्यावर, म्हणजे टोकाला जॅक दाबून बसवल्यावर ती साधीतून ओळखायला दोन्ही जॅक शेजारी धरून रंगांचा क्रम बघावा लागतो आणि टेबलाखाली वाकून ते करणं म्हणजे वैताग. जुन्या हबवर अपलिंक नावाचं एक वेगळं भोक किंवा छोटं बटण असायचं तेही याचसाठी, दाबलं की त्या पोर्टच्या जोड्या उलटायच्या.

तुझ्या सरांचं चुकलेलं नाही, फक्त त्यांचं पुस्तक जुनं आहे.

आता तुझी साधी केबल का चालली. एचपीच्या डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन या दोन इंजिनियरांनी काढलेली युक्ती आहे, तिला ऑटो एमडीआय-एक्स म्हणतात आणि ती आता जवळपास प्रत्येक गिगाबिट पोर्टात असते. पोर्ट काय करतो, १-२ वर पाठवून बघतो आणि ३-६ वर समोरून काही येतंय का ऐकतो. साधारण ६२ मिलिसेकंद वाट बघायची, काही आलं नाही तर आतल्या आत जोड्या उलटायच्या आणि परत बघायचं. इथपर्यंत सोपंय. पण आता विचार कर, दोन्ही लॅपटॉपात तीच चिप, दोघंही ६२ मिलिसेकंदांनी उलटले तर? दोघंही १-२ वर, मग दोघंही एकदम ३-६ वर, मग परत दोघंही १-२ वर, दादरच्या पुलावर समोरासमोर आलेली दोन माणसं एकदम डावीकडे एकदम उजवीकडे करतात तसं, आणि मागे गर्दी थांबलीय. म्हणून त्यांनी नियम असा ठेवला की दर वेळी उलटायचंच असं नाही, चिपच्या आत एक अकरा बिटांचं रजिस्टर आहे जे जवळजवळ लॉटरीसारखे आकडे काढतं, आकडा सांगेल तर उलटायचं, नाही सांगितलं तर आहे तिथेच थांबायचं. दोघांची लॉटरी वेगवेगळी निघते, कुठल्यातरी फेरीत एक इकडे आणि दुसरा तिकडे असे सापडतात, समोरून पल्स आला की लगेच उलटापालट थांबवायची. हे सगळं तू जॅक खट्कन बसवल्यापासून दिवा लागेपर्यंतच्या त्या क्षणात होऊन जातं.

मला ही युक्ती फार आवडते. दोघं हुबेहूब सारखे असतील तर अक्कल कितीही वाढवली तरी उपयोग नाही, कारण दोघांची अक्कलही सारखीच चालणार, तिथे नाणं उडवणं हाच शहाणपणा.

तारा जुळल्या, आता भाषा. १९९५ साली आठशेदोन पॉइंट तीन यू या केबल नेटवर्कच्या स्टँडर्डात ऑटो-निगोशिएशन, म्हणजे आपापसात ठरवून घेणं आलं. डेटा सुरू व्हायच्या आधी दोन्ही पोर्ट एकमेकांना पल्सचे झुबके पाठवतात, साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक झुबका, त्यात ३३ जागा, त्यातले १७ पल्स नुसते ताल धरायला आणि मधल्या १६ जागांवर पल्स असला तर एक, नसला तर शून्य. म्हणजे सोळा बिटांची चिठ्ठी, मला दहा येतं, शंभर येतं, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं, हाफ म्हणजे आळीपाळीने) येतं वगैरे. समोरच्याची तीच चिठ्ठी लागोपाठ तीनदा सारखी आली की मग पोच द्यायची. इथे मालक-नोकर कोणी नाही, दोघांच्या याद्या दोघांकडे आहेत आणि निवडायचा क्रम स्टँडर्डात छापलेला आहे, दोघांना जमणारं त्यातलं सर्वात वरचं घ्यायचं. दोघं स्वतंत्रपणे एकाच उत्तरावर येतात, भांडायला जागाच नाही.

मास्टर-स्लेव्ह येतं ते गिगाबिटमधे, आणि नाव ऐकून लोकांचा जो समज होतो तो चुकीचा आहे. मास्टर म्हणजे हुकूम सोडणारा नव्हे, त्याला जास्त स्पीड मिळत नाही, डेटावर त्याचा काही हक्क नाही. मास्टर म्हणजे ज्याचं घड्याळ चालणार तो. १९९९ मधे गिगाबिट तांब्यावर आणताना चारही जोड्या वापरल्या आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, एकाच तारेवर, एकाच पट्टीत. मग स्वतःचा आवाज वजा करून समोरच्याचा ऐकायला लागतो. हे वजा करणं तेव्हा जमतं जेव्हा दोन्ही बाजू एकाच तालात पाठवतायत. दोघांच्या क्रिस्टलला, म्हणजे आतल्या घड्याळाला, स्टँडर्डाने दहा हजारांत एक एवढी चूक माफ केलीय, ऐकायला किरकोळ वाटते, पण सेकंदाला साडेबारा कोटी ठोके असतात तेव्हा प्रत्येकाचे साडेबारा हजार ठोके पुढे-मागे होऊ शकतात, म्हणजे दोघांत पंचवीस हजारांपर्यंत फरक, आणि इतक्या सरकत्या तालात वजाबाकी काही धरवत नाही. म्हणून एकाने आपल्या क्रिस्टलवर पाठवायचं आणि दुसऱ्याने आलेल्या सिग्नलमधून ताल काढून त्याच तालावर परत पाठवायचं. भजनात टाळ एकाचा, बाकीच्यांनी धरायचा. त्यात टाळवाला मोठा आणि बाकीचे लहान असं काही नसतं.

हा टाळवाला कसा निवडतात त्यात मगाचचे सगळे उपाय एकाखाली एक लावलेत. पहिल्यांदा बघायचं कोणी हाताने ठरवून दिलंय का. नसेल तर आवड बघायची, अनेक पोर्टवाला डबा म्हणजे स्विच, त्याने मास्टर व्हावं, एकुलत्या पोर्टवाल्याने म्हणजे लॅपटॉप प्रिंटर कॅमेऱ्याने स्लेव्ह व्हावं. म्हणून ऑफिसात स्विचला जोडलेले सगळे लॅपटॉप तुला स्लेव्हच दिसतील. आणि दोन्हीकडे सारखाच प्रकार असेल, तुझे दोन लॅपटॉप किंवा स्विच ते स्विच, तर लॉटरी. दोघांनी एकेक अकरा बिटांचा आकडा मनात धरायचा, म्हणजे २०४८ पैकी एक, तो चिठ्ठीच्या पुढच्या पानावर पाठवायचा, मोठा आकडा ज्याचा तो मास्टर. अगदी सारखे निघाले तर नवे आकडे धरून परत.

आणि दोन्हीकडे कोणी हाताने फोर्स मास्टर केलं तर? तर लिंक येतच नाही. हे मला आवडतं, निदान स्पष्ट तरी आहे, दिवा विझलेला दिसतो आणि माणूस शोधायला लागतो.

खरा त्रास दिवा लागूनही होणाऱ्या चुकीचा. अंधेरी एमआयडीसीत एका ऑफिसचं काम होतं, तक्रार अशी की सकाळी दहापर्यंत नेट मस्त, मग सर्व्हरवरून फाइल उघडायला चहा पिऊन यावं लागतं. पिंग मारला, म्हणजे समोरच्याला छोटीशी हाक मारून उत्तर येतं का ते बघितलं, तर झकास, एकही पॅकेट पडत नाही. आधीच्या वेंडरने केबल दोनदा बदलली होती, स्विच एकदा बदलला होता, बिलं लावली होती. मी स्विचच्या पोर्टचे आकडे काढले तर लेट कोलिजनचा (उशिरा झालेल्या टकरींचा) ढीग, आणि सर्व्हरच्या कार्डावर सीआरसी एररचा (खराब पोचलेल्या डेटाचा) ढीग. ही जोडी एकत्र दिसली की बाकी काही बघायचं नाही, डुप्लेक्स बघायचा. कोणीतरी हुशाराने 'स्थिर राहावं' म्हणून सर्व्हरचं कार्ड शंभर मेगाबिट फुल डुप्लेक्सवर फिक्स केलं होतं आणि स्विच ऑटोवरच होता.

आता यात काय होतं ते नीट बघ कारण इथेच शंभरातले नव्वद जण फसतात. आकडा मोजलेला नाही, माझा अंदाज समज. फिक्स केलेलं कार्ड चिठ्ठी पाठवणं बंद करतं. समोरचा स्विच चिठ्ठीची वाट बघतो, ती येत नाही, पण शंभर मेगाबिटचा सिग्नल येतोय हे त्याला सिग्नलच्या आकारावरून ओळखता येतं. म्हणून स्पीड तो बरोबर धरतो, शंभर. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही, आणि स्टँडर्ड सांगतं की माहीत नसेल तर हाफ धर. म्हणजे जुन्या हबशी गाठ असेल असं समजून सावध राहायचं, त्या काळाच्या मानाने अगदी रास्त. झालं, एका बाजूला फुल, दुसऱ्या बाजूला हाफ, दोन्हीकडे दिवा हिरवा. हाफवाला बोलत असताना समोरून काही आलं की त्याला वाटतं टक्कर झाली, तो वाक्य अर्धवट तोडतो आणि थांबतो. फुलवाल्याच्या लेखी टक्कर नावाची गोष्टच नाही, तो आपला बोलत राहतो, आणि त्याच्याकडे समोरून अर्धवट तुटलेली वाक्यं पोचतात, ती म्हणजे सीआरसी एरर. टक्कर पहिल्या ६४ बाइटांच्या आत झाली तर हाफवाला स्वतः परत पाठवतो, त्यानंतर झाली तर ती लेट कोलिजन, ती फ्रेम (ते वाक्य) तो टाकूनच देतो, मग वरच्या टीसीपीला, म्हणजे डेटा पोचला की नाही बघणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळून परत पाठवेपर्यंत थांबा. पिंग एक एक जातो, इकडून गेला मग तिकडून आला, दोघं एकदम बोलतच नाहीत म्हणून पिंग स्वच्छ. गर्दी वाढली, दहा वाजले, लोक आले, की वाट लागते.

त्या दिवशी मी सर्व्हरचं कार्ड परत ऑटोवर टाकलं, एका मिनिटाचं काम, आणि खरं सांगतो, एवढ्याशा कामाचे पैसे मागायला लाज वाटली. मागितले अर्थात.

म्हणून माझा नियम, ऑटो तर दोन्हीकडे ऑटो, फिक्स तर दोन्हीकडे फिक्स. एकाने बोलणं बंद करायचं आणि दुसऱ्याने अंदाज बांधत बसायचं हा संसारातही वाईट प्रकार आहे. गिगाबिट तांब्यात तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, कारण मास्टर कोण हे त्याशिवाय ठरूच शकत नाही, तिथे 'फिक्स एक हजार' असं लिहिलेलं दिसलं तरी आत चिठ्ठ्या जातातच, फक्त यादीत एकच ओळ असते. आणि अजून एक, बऱ्याच उपकरणांत स्पीड फिक्स केला की जोड्या आपोआप उलटण्याची सोयही बंद पडते, मग साधी केबल चालेनाशी होते आणि माणूस म्हणतो काल तर चालत होती.

मधेच एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकतो. गिगाबिट यायला हवी तिथे शंभरच येत असेल तर आधी क्रिंपिंग बघ. चिठ्ठ्या जातात १-२ आणि ३-६ वरूनच, गिगाबिटला मात्र ४-५ आणि ७-८ पण लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असेल तर दोघं खुशाल एक हजारावर हो म्हणतात आणि मग लिंक उभी राहत नाही, चांगले पोर्ट दोन-चारदा प्रयत्न करून शंभरवर उतरतात, मठ्ठ पोर्ट दिवा लावत विझवत बसतात.

आता तुला जास्त जवळची गोष्ट, यूएसबी टाइप सी. २०१४ मधे हे स्टँडर्ड आलं आणि दोन्ही टोकांना एकच तोंड झालं, म्हणजे खिळ्यात ठोकलेला फरक गेला, आता परत तोच प्रश्न, वीज कोण देणार, यजमान कोण. त्यासाठी तोंडात सीसी नावाच्या दोन पिना आहेत. वीज देणारा त्या पिनेला रेझिस्टरने वर ओढतो, घेणारा ५.१ किलोओहमने खाली ओढतो. देणाऱ्याला पलीकडे खाली ओढणारा सापडला की मगच तो पाच व्होल्ट सोडतो, तोवर तार थंड. आणि फोनसारखी जी यंत्रं देऊही शकतात घेऊही शकतात ती काय करतात, ओळखलंच असशील, थोडा वेळ देणारा म्हणून उभं राहायचं, थोडा वेळ घेणारा म्हणून, साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांत एक फेरी, आणि समोरचा उलट अवस्थेत सापडला की थांबायचं. तीच दादरच्या पुलावरची गंमत.

म्हणूनच कधीकधी मोबाइल पॉवर बँकेला लावतो आणि अर्ध्या तासाने बघतो तर मोबाइलच पॉवर बँकेला चार्ज करतोय. माझ्या मेव्हण्याला ट्रेनमधे झालं होतं, तो म्हणे भूत आहे. भूत नाही, दोघंही दोन्ही करू शकणारे, नाणं उडालं आणि उलटं पडलं. यावर उपाय स्टँडर्डातच आहे, यंत्राने आवड सांगायची, पॉवर बँकेने म्हणायचं जमलं तर मीच देणार, फोनने म्हणायचं जमलं तर मी घेणार, पण स्वस्तातल्या डब्यात हे घातलेलं नसतं. आणि नंतरही बोलून अदलाबदल करता येते, फोनच्या सेटिंगमधे यूएसबीच्या खाली 'हे डिव्हाइस चार्ज करा' किंवा तसं काही असतं ते तेच. गंमत म्हणजे वीज कोण देतो आणि डेटाचा यजमान कोण या दोन वेगळ्या भूमिका आहेत, सुरुवातीला देणारा तोच यजमान धरला जातो, पण मग दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून मॉनिटर लॅपटॉपला वीज देतो आणि तरी यजमान लॅपटॉपच राहतो.

स्वस्तातला ट्रिमर टाइप सी असूनही फक्त जुन्या चपट्या चार्जरच्या केबलने चार्ज होतो आणि नव्या सी-टू-सी केबलने होत नाही, हेही यातलंच. बनवणाऱ्याने दोन पैशांचे ५.१ चे रेझिस्टर वाचवलेत. चपट्या तोंडावर पाच व्होल्ट कायमच असतात, कोणी विचारत नाही, पण सी तोंडाचा चार्जर विचारतो आणि पलीकडून उत्तरच येत नाही.

बाकीची उदाहरणं भराभर. दोन फोन वायफाय डायरेक्टने जोडले की मधला राउटर त्यांच्यातल्याच एकाला व्हावं लागतं, तिथे प्रत्येक जण शून्य ते पंधरा असा उत्सुकतेचा आकडा सांगतो, मोठा तो होतो, सारखे असतील तर एका बिटाचं नाणं, आणि दोघंही पंधरा म्हणाले, म्हणजे मीच होणार नाहीतर नाही, तर बोलणी फिसकटतात. व्हिडिओ कॉलमधे दोघांपैकी वाट कोण निवडणार यावर घोळ झाला तर ६४ बिटांचे आकडे ताडून बघतात. स्विच-स्विच मधे दोन-चार केबली एकत्र बांधायच्या एलएसीपी नावाच्या पद्धतीत तर माझे फोर्टचे मोडेम परत भेटतात, दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलं तर दोघंही सभ्यपणे वाट बघतात आणि काहीच बांधलं जात नाही, निदान एकाला ॲक्टिव्ह ठेवायला लागतं.

आणि नाणं नको असेल, दर वेळी तोच निकाल हवा असेल, तर नावावरून ठरवायचं. रेडिया पर्लमन या नेटवर्क इंजिनियर बाईंनी १९८५ मधे काढलेला स्पॅनिंग ट्री (स्विचांच्या जाळ्यात डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणूनची रीत) तसा आहे, नेटवर्कमधल्या सगळ्या स्विचमधून एक मुळाचा स्विच निवडायचा, प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात लहान असेल तो, आणि तो कोणी बदललाच नसेल तर सगळ्यांचा ३२७६८, मग मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर, लहान ज्याचा तो. आता मॅक ॲड्रेस कारखान्यात चढत्या क्रमाने पडत जातात, त्यामुळे जुन्यात जुन्या डब्याचा नंबर लहान असण्याची शक्यता जास्त. लोअर परळला एका ऑफिसात लाखांचे नवे स्विच बसवले आणि मुळाचा स्विच कोण निघाला, तर पॅन्ट्रीच्या माळ्यावर धूळ खात पडलेला, चहाच्या वाफेने पिवळा झालेला आठ पोर्टचा डबा, जो काढायचा सगळे विसरले होते. सगळी ट्रॅफिकची दिशा त्याच्याकडे बघून ठरत होती. एकत्र कुटुंबात म्हातारा कोपऱ्यात बसलेला असतो पण लग्नाची तारीख त्यालाच विचारतात, तसं. तिथे मात्र हाताने ठरवून द्यावं, मधल्या दणकट स्विचची प्रायॉरिटी कमी करून ठेवावी. म्हणजे ऑटो नेहमीच बरोबर असं माझं म्हणणं नाही, जिथे दोघांपैकी कोणीही झाला तरी चालतं तिथे नाण्यावर सोडावं, जिथे कोण होतो याने फरक पडतो तिथे आपण सांगावं, पण सगळ्यांना सांगावं.

तुझ्या दोन लॅपटॉपांत कोणीही टाळ धरला तरी चालतं. खात्री करायची असेल तर एकावर लिनक्स टाक, नवीन कर्नलमधे ईथटूल नावाची कमांड बऱ्याच कार्डांबाबत मास्टर आहेस की स्लेव्ह ते सांगतं. केबल वीसेकदा काढून घाल आणि वहीत लिहीत जा, कधी हा येईल कधी तो. मग त्याच लॅपटॉपला स्विचला लाव आणि परत वीसदा बघ, तिथे तो बहुतेक सगळ्या वेळा स्लेव्हच निघेल. शेवटी दोन्ही लॅपटॉप फोर्स मास्टरवर टाकून जोड, दिवा लागत नाही ते डोळ्याने बघ. आणि मग दोन्ही आठवणीने ऑटोवर परत आण, नाहीतर सोमवारी सकाळी सव्वादहाला तुझ्या बाबांचा फोन मलाच येणार आहे.